वेळेचे मोल : मज्जासंस्थेचे आनुवंशिक रोग आणि जनुकोपचार

उज्जैन नगरी प्राचीन काळापासून कालगणनेची नगरी म्हणून प्रसिद्ध आहे. भारतीय ज्योतिषाने आपली मूळ मध्यरेषा येथूनच मोजली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने तिचा जीर्णोद्धार केला. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तोपर्यंत शिंद्यांचा कारभार उज्जैनहूनच चाले. त्या काळी दक्षिणेतून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे आजही माळव्यात नांदत आहेत. बाजारात हिंदी व माळवी, पण घरात मराठी, अशी त्यांची रीत आहे.

गतवर्षी प्रवासात अशाच एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. घरातील वडीलधारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांचा पाच महिन्यांचा नातू पाळण्यात निजला होता. डोळे विलक्षण तेजस्वी, ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून तो हसे. पण मान धरत नव्हता, आणि पाय बेडकासारखे दोन्हीकडे पसरून स्थिर पडले होते. त्याची थोरली बहीण सातव्या महिन्यात दगावली होती. "छातीत कफ झाला" एवढेच त्या वेळी कुटुंबास सांगण्यात आले होते.

गुरुजींनी एक छापील पत्रक पुढे केले. त्यात मूलपेशींची तीन इंजेक्शने दिल्यास मूल हमखास बसू लागेल असे आश्वासन होते आणि त्यासाठी लागणारी मोठी रक्कमही नमूद केली होती. "साहेब, दोन बिघे जमीन आहे. ती विकली तर हे जमेल. आपण सरकारी माणूस, हे खरे की खोटे, तेवढे सांगा," असे ते म्हणाले.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. त्या वेळी त्यास उत्तर देता आले नाही. "गुरुजी, आठ दिवस थांबा, तोवर जमीन विकू नका," एवढेच तो म्हणू शकला. नंतर तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजावून घेतलेले व वाचनातून पडताळून पाहिलेले जे हाती आले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

रोग कशामुळे होतो?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत शरीराच्या घडणीची व कारभाराची सूचना-पोथी असते. या पोथीतील एकेका सूचनेस जनुक म्हणतात. प्रत्येक सूचनेच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व दुसरी वडिलांकडून आलेली. एका प्रतीत चूक असली तरी दुसऱ्या चांगल्या प्रतीवर काम निभावते. अशा व्यक्तीला कोणताही त्रास होत नाही, परंतु ती सदोष प्रत पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. अशा व्यक्तीस वाहक म्हणतात.

आई व वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चार शक्यता असतात. एका शक्यतेत दोन्ही प्रती चांगल्या येतात, दोन शक्यतांत अपत्य वाहक होते, आणि चौथ्या शक्यतेत दोन्ही प्रती सदोष येऊन रोग प्रकट होतो. म्हणजेच धोका प्रत्येक वेळी चारात एक इतका राहतो. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, हा समज चुकीचा आहे; दर वेळी नाणेफेक नव्याने होते.

हा हिशेब आपल्या ग्रामीण वाचकांस सर्वस्वी अपरिचित नाही. सिकलसेल या रक्ताच्या रोगाचा वारसा असाच चालतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस प्रारंभ झाला, आणि शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्या मोहिमेतील रंगीत कार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वाहक म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

गुरुजींच्या नातवास झालेल्या रोगाचे नाव स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, संक्षेपाने एसएमए. स्नायू हलविण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो आणि पाठीच्या कण्यातील रज्जूमध्ये असलेल्या चेतापेशी तो स्नायूंपर्यंत पोहोचवितात. या चेतापेशींना जिवंत राहण्यासाठी एक विशिष्ट प्रथिन लागते. त्याचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असते. ते नसले किंवा सदोष असले म्हणजे चेतापेशी एकामागून एक मरतात, हुकूम पोहोचत नाही आणि स्नायू झिजतात. जगात सुमारे दहा हजार जन्मांमागे एका बालकास हा रोग होतो. वाहकांचे प्रमाण मात्र दर चाळीस ते साठ व्यक्तींमागे एक इतके आहे. बुद्धीवर या रोगाचा परिणाम होत नाही. मूल सारे पाहते व समजते, पण हलू शकत नाही.

कोणती लक्षणे पाहावीत?

या रोगाचा सर्वांत तीव्र प्रकार सहा महिन्यांच्या आत दिसू लागतो. उपचार न मिळाल्यास व श्वासास यंत्राचा आधार नसल्यास यातील बहुतेक बालके दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. सौम्य प्रकारांत मूल बसते पण उभे राहत नाही, किंवा चालू लागल्यावर हळूहळू पडू लागते. माता, आजी, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. तीन-चार महिने झाले तरी मूल मान धरत नाही.
२. हात-पाय ढिले वाटतात. उचलले असता मूल हातातून निसटते की काय असे वाटते.
३. रडण्याचा आवाज क्षीण असतो. दूध ओढताना मूल लवकर थकते.
४. श्वास घेताना छाती फुगण्याऐवजी पोट वर-खाली होते.
५. जिभेवर बारीक थरथर दिसते.
६. पूर्वी करता येणारी हालचाल मूल पुढे करीनासे होते.

"आमच्या घराण्यात मुले उशिराच बसतात", "दृष्ट लागली", "अंगात वात आहे" अशा समजुतींत मौल्यवान महिने निघून जातात. निदानासाठी रक्ताची जनुकीय तपासणी पुरते. या एका तपासणीत सुमारे पंचाण्णव टक्के रुग्ण ओळखता येतात.

जनुकोपचार म्हणजे काय?

सदोष जनुकाचे काम करण्यासाठी चांगल्या जनुकाची प्रत पेशीपर्यंत पोहोचविणे, हा जनुकोपचाराचा गाभा होय. ती पोहोचवावी कशी, हा मोठा प्रश्न होता. शास्त्रज्ञांनी त्यासाठी विषाणूचा उपयोग केला. पेशीत शिरणे हे विषाणूचे उपजत कौशल्य. त्याच्यातील मूळ मजकूर काढून टाकला व तेथे उपयुक्त जनुक ठेवले, म्हणजे तो रोग पसरविणारा न राहता टपाल्याचे काम करतो. एसएमएवरील असे औषध अमेरिकेत मे २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांसाठी मंजूर झाले. ते शिरेतून एकदाच दिले जाते.

या औषधाचे यश खरे आहे, आणि त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. नवे जनुक जिवंत चेतापेशींना वाचविते; मेलेल्या चेतापेशींना ते परत आणू शकत नाही. विझू लागलेल्या दिव्यात तेल घालता येते, जळून गेलेली वात मात्र तेलाने परत येत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वीच ज्या बालकांना हे औषध मिळाले, त्यांतील बहुतेक बसू लागली व अनेक चालूही लागली. उशिरा औषध मिळालेल्या बालकांचा जीव वाचला, तरी गेलेली शक्ती पूर्णपणे परत आली नाही. शिवाय यकृतास इजा होण्याचा धोका असल्याने औषधानंतर काही महिने वारंवार रक्ततपासणी करावी लागते. यकृत निकामी होऊन काही बालकांचा मृत्यू झाल्याचीही नोंद आहे.

महाराष्ट्राने या दोन्ही बाजू २०२१ साली जवळून पाहिल्या. मुंबईतील एका पाच महिन्यांच्या बालिकेसाठी हजारो लोकांनी वर्गणी दिली. सुमारे सोळा कोटी रुपयांचे औषध परदेशातून आणावयाचे होते आणि त्यावर कोट्यवधी रुपयांचा कर भरावा लागणार होता. केंद्र शासनाने तो कर माफ केला आणि त्याच फेब्रुवारीत बालिकेस औषध मिळाले. त्याच वर्षी पुणे परिसरातील दुसऱ्या एका बालिकेलाही लोकवर्गणीतून हेच औषध मिळाले, परंतु काही आठवड्यांतच तिचा श्वास अडखळला व ती दगावली. ज्यांनी तिच्यासाठी पैसे दिले, त्यांचे दान व्यर्थ गेले असे मुळीच नाही. मात्र औषधाइतकेच निदानाच्या वेळेस महत्त्व आहे, हा धडा या घटनेतून घेतला पाहिजे.

जनुकोपचाराखेरीज अन्य औषधेही आहेत. पाठीच्या कण्यात टोचावयाचे एक औषध २०१६ साली, तर दररोज तोंडावाटे घ्यावयाचे पातळ औषध २०२० साली अमेरिकेत मंजूर झाले. हे पातळ औषध भारतातही उपलब्ध झाले, पण त्याची एकेक बाटली लक्षावधी रुपयांची होती. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर भारतीय बनावटीचे तेच औषध बाजारात आले आणि किंमत अनेक पटींनी उतरली. आयुष्यभर घ्यावयाच्या औषधाच्या बाबतीत ही घटना लहान नव्हे.

मूलपेशींचे खरे कार्य

आता गुरुजींच्या पत्रकाकडे वळू. ज्या पेशीपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात, तिला मूलपेशी म्हणतात. हाडांतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त बनविणाऱ्या मूलपेशी असतात. त्यांचे रोपण ही रक्ताच्या अनेक रोगांवरील मान्य व जुनी उपचारपद्धती आहे.

मेंदूच्या काही मोजक्या आनुवंशिक रोगांतही या रोपणाचा उपयोग होतो. रक्तातील काही पेशी मेंदूत जाऊन स्थिरावतात व तेथे कमी पडणारा पाचकरस पुरवितात, हे त्यामागील तत्त्व होय. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या रोगात मुलग्यांच्या मेंदूतील चेतातंतूंचे आवरण नष्ट होत जाते. त्यात अगदी आरंभीच्या अवस्थेत असे रोपण केल्यास रोग थोपविता येतो. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी नावाच्या तशाच एका रोगात मूलपेशी व जनुकोपचार या दोन्ही विद्या एकत्र आल्या आहेत. बालकाच्याच मूलपेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांत चांगले जनुक घालून, त्या परत त्याच्या शरीरात सोडतात. हा उपचार युरोपात २०२० साली व अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला. त्याची अमेरिकेतील किंमत साडेबेचाळीस लक्ष डॉलर ठरविण्यात आली. येथेही अट तीच आहे : रोग बळावण्याआधी उपचार झाला पाहिजे.

परंतु पत्रकात सांगितलेली इंजेक्शने या प्रकारची नव्हेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य यादीतील रक्त व तत्सम विकारांसाठी करावयाचे रोपण सोडता, मूलपेशींचा इतर कोणताही वापर केवळ नोंदणीकृत संशोधन म्हणूनच करता येतो. एसएमएमध्ये मूलपेशींच्या इंजेक्शनाने मूल बरे होते, असे सिद्ध झालेले नाही.

वाचकांनी दोन प्रश्न लक्षात ठेवावेत. पहिला : हा प्रयोग भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदलेला आहे काय व त्याचा क्रमांक कोणता? दुसरा : प्रयोग आहे तर पैसे कशाचे? संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे मोल घ्यावयाचे नसते, हा नियम आहे. जेथे क्रमांक नाही आणि पैसे मात्र आगाऊ मागितले जातात, तेथून परत फिरावे. प्रामाणिक डॉक्टर हमी देत नाही, शक्यता सांगतो.

शासकीय साहाय्य

मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने दुर्मिळ रोगांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात रोगांचे तीन गट केले आहेत : एकदाच उपचार करून बरे होणारे, तुलनेने कमी खर्चाचे पण दीर्घकाळ उपचार लागणारे, आणि उपचार उपलब्ध असले तरी अत्यंत खर्चिक असणारे. आरंभीच्या अवस्थेतील अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी पहिल्या गटात, तर एसएमए तिसऱ्या गटात मोडते. २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार तिन्ही गटांतील रुग्णांना पन्नास लक्ष रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. हे साहाय्य नियुक्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत दिले जाते. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय व भोपाळची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही अशी केंद्रे आहेत. उज्जैनच्या कुटुंबाला दिल्ली-मुंबईचा प्रवास न करता भोपाळलाच नोंदणी करता येते.

या धोरणात समाविष्ट असलेल्या रोगांची औषधे स्वतःच्या उपयोगासाठी परदेशातून मागविल्यास १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी केंद्र वा राज्याचे आरोग्य संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे प्रमाणपत्र पुरते. म्हणजे किल्ली जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. हे प्रमाणपत्र मागणारा अर्ज टेबलावर आला तर तो एक दिवसही पडून राहू नये, ही संबंधित अधिकाऱ्यांस नम्र सूचना. त्या कागदामागे रोज मरणाऱ्या चेतापेशी आहेत.

पन्नास लक्ष रुपयांत कोट्यवधींचे औषध येत नाही, ही वस्तुस्थितीही लपवून चालणार नाही. धोरणात लोकवर्गणीसाठी अधिकृत व्यासपीठाची तरतूद आहे, तरी प्रत्येक बालकासाठी एवढी रक्कम जमत नाही. म्हणूनच रोग होऊ न देण्याच्या उपायाकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

विवाह, गर्भारपण आणि तपासणी

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची जुनी चाल आहे. माळव्यातील मराठी कुटुंबांत समाज लहान असल्यामुळे नात्यातच सोयरीक जुळविण्याकडे कल राहिला. गुरुजींची सून ही त्यांच्या पत्नीच्या सख्ख्या भावाची मुलगी होय. आते-मामे भावंडांच्या जनुकांत सरासरीने एक-अष्टमांश भाग समान असतो. त्यामुळे एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. परंतु नात्याबाहेर विवाह केला म्हणजे धोका संपला असेही नाही. दोन अपरिचित घराण्यांतील वाहकही एकत्र येऊ शकतात. दोष कोणाच्या रक्ताचा, हा प्रश्नच गैर आहे. मूल रोगी होण्यास दोघांच्याही प्रती लागतात. सुनेस बोल लावणे जितके क्रूर, तितकेच ते शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे.

घराण्यात एखादे बालक असे दगावले असेल किंवा आजारी असेल, तर पती-पत्नींनी वाहक-तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक असल्यास पुढील गर्भधारणेत अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून रोग आहे की नाही हे कळते. १९९४ च्या कायद्याने आनुवंशिक रोगांसाठी अशी तपासणी करण्यास नोंदणीकृत केंद्रात मुभा आहे; गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हा आहे. निष्कर्ष कळल्यावर काय करावयाचे, हा निर्णय त्या दांपत्याचा. समुपदेशकाने माहिती द्यावी, सक्ती करू नये.

कोणी काय करावे?

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी मान न धरणाऱ्या बालकाची नोंद करून त्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे न्यावे. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व पुढील उपचारासाठी जिल्हा केंद्राकडे पाठविले जाते.

शिक्षकांनी वारंवार पडणाऱ्या, जिना चढताना थकणाऱ्या किंवा अक्षर अकस्मात बिघडलेल्या विद्यार्थ्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या पालकांशी बोलावे. वरच्या वर्गांत आनुवंशिकतेचा धडा शिकविताना चारात एक हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा.

ग्रामपंचायतींनी हमखास उपचाराच्या जाहिरातींबाबत गावात सावधगिरीची सूचना द्यावी. कुटुंबांनी पहिल्या बालकाच्या मृत्यूचे कागद जपून ठेवावेत. दुसऱ्या बालकाच्या निदानास ते उपयोगी पडतात.

गुरुजींनी जमीन विकली नाही. बाळाच्या रक्ताची तपासणी झाली, निदान पक्के झाले आणि भोपाळच्या केंद्रात नोंदणी झाली. तोंडावाटे घ्यावयाचे औषध आता चालू आहे. अलीकडच्या पत्रात गुरुजी लिहितात की, मूल उशीला टेकून थोडा वेळ बसते व घास गिळते. श्वासाची काळजी मात्र अद्याप घ्यावी लागते. ते चालेल असे कोणी म्हटलेले नाही, आणि गुरुजींनीही तशी अपेक्षा लिहिलेली नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी एवढेच विचारले आहे : "थोरलीच्या वेळी हे कोणी सांगितले असते तर?"

या प्रश्नास उत्तर नाही. परंतु पुढच्या घरात तो विचारला जाऊ नये, यासाठी आपणांपैकी प्रत्येकास काही ना काही करता येण्यासारखे आहे.